एका सरोवराची दोन नावं

लॉस अँतिग्वोसच्या तंबूमैदानावर त्या संध्याकाळी आम्ही अठरा माणसं चेरी खात होतो. पहिली ओंजळ आवडीनं, पुढची कर्तव्य म्हणून. हे अर्जेंटिनाच्या सांताक्रूझ प्रांतातलं छोटं गाव चेरीसाठी प्रसिद्ध आहे, आणि स्वयंपाकाची पाळी असलेल्या तिघांनी दुपारी बाजारात हौसेनं पाच किलो चेरी घेतली होती. ती ट्रकमध्ये चढल्यावर कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, की उद्या सकाळी चिलीची हद्द ओलांडायची आहे. चिलीत बाहेरचं ताजं फळ, भाजी, मांस, मध यांतलं काहीही नेता येत नाही. म्हणून उरलेली अंडी उकडली गेली, कांदे-बटाटे एकाच पातेल्यात गेले, चीज सढळ हातानं किसलं गेलं, आणि जेवणानंतर चेरीची टोपली पुन्हा पुन्हा फिरत राहिली. कुणी नको म्हटलं की बाकीचे ओरडायचे.

चिलीचा हा सोवळेपणा उगाच नाही. उत्तरेला आताकामाचं वाळवंट, पूर्वेला अँडीज, पश्चिमेला महासागर आणि दक्षिणेला बर्फ अशा चार भिंतींत हा देश बंद आहे. जगभरच्या बागायतदारांना रडवणारी फळमाशी तिथे ठाण मांडून बसू शकलेली नाही, आणि फळांची निर्यात हा तर देशाचा मोठा धंदा. त्यामुळे नाक्यावर सामान तपासायला कुत्री असतात, जाहीरनाम्यात खोटं लिहिलं तर दंड बसतो. मी माझ्या हळदीच्या आणि गोड्या मसाल्याच्या पुड्या इमानदारीत जाहीर केल्या. अधिकाऱ्यानं मसाल्याची पुडी उघडली, हुंगली, सहकाऱ्यालाही हुंगायला दिली, दोघांनी मान हलवली आणि पुडी परत केली.

नाक्याच्या एका बाजूला लॉस अँतिग्वोस, नदीपलीकडे काही किलोमीटरवर चिलीचं चिले चिको. दोन्ही गावं एकाच सरोवराच्या दक्षिण काठावर आहेत. अर्जेंटिनातला माणूस त्याला लागो ब्यूनोस आयरेस म्हणतो, चिलीतला लागो जनरल कारेरा. काठावरच्या पाटीवर नाव बदलतं, नकाशावर सरळ रेघ दिसते, पाण्यात काहीच दिसत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या सरोवरांपैकी असलेलं हे सरोवर सुमारे 1,850 चौरस किलोमीटरचं आहे. मुंबई त्यात तीनदा मावेल. हे प्रकरण मुख्यतः या एका पाण्याबद्दल आहे. पाटागोनियात, म्हणजे खंडाच्या या दक्षिण टोकाकडच्या मुलखात, डोंगर आणि सरोवरं शेकड्यांनी आहेत, पण ती सगळी कशी घडली आणि त्यांच्यावरून माणसं कशी भांडली हे समजून घ्यायला हे एक पुरतं.

आधी आमच्या वाहनाबद्दल. ट्रकच्या सांगाड्यावर बसची आसनं, पोटात कप्पे, कप्प्यांत तंबू, पाण्याच्या टाक्या, गॅसची शेगडी, घडीची स्टुलं आणि कोळशाइतकी काळी झालेली पातेली. या प्रकाराला ओव्हरलँडिंग म्हणतात आणि त्याच्या वंशावळीत आपणही येतो. लंडनहून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानमार्गे भारतात आणि नेपाळात येणाऱ्या बस आणि जुने लष्करी ट्रक हे त्याचं मूळ. 1979 साली इराणात क्रांती झाली, वर्ष सरताना अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि ती वाट बंद पडली. मग हे ट्रक आफ्रिकेकडे आणि दक्षिण अमेरिकेकडे वळले. नियम मात्र तेच राहिले. तंबू आपला आपण ठोकायचा, तिघातिघांनी पाळीपाळीनं सगळ्यांसाठी रांधायचं, किराण्याला सगळ्यांनी सारखी वर्गणी काढायची. या वर्गणीला किटी म्हणतात. आपल्या भिशीची चुलत बहीण, फक्त हिचा नंबर कुणालाच लागत नाही, सगळी पोटात जाते.

आम्ही आलो होतो त्या अर्जेंटिनातल्याच बारीलोचे शहरापासून लॉस अँतिग्वोसपर्यंत आठशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे आणि ते बहुतेक रूटा 40 या रस्त्यानं कापायचं. बारीलोचेला नाउएल उआपी सरोवराच्या काठी गर्द जंगल होतं, चॉकलेटची दुकानं होती, स्वित्झर्लंडची आठवण यावी अशी लाकडी घरं होती. गडद कपड्यांवर झेपावणाऱ्या, डासाच्या दसपट मोठ्या घोडमाश्या होत्या, त्यांना तिथे ताबानो म्हणतात. जानेवारीत काळा शर्ट घालून तिथे जाऊ नये, एवढं सांगून पुढे जातो. दक्षिणेला निघालं की उजव्या हाताला डोंगर दूर सरकत जातात, झाडं बुटकी होतात, मग नाहीशी होतात. उरतं ते कोइरोन नावाचं पिवळं चिवट गवत, तारेचं कुंपण आणि कुंपणावरून अलगद उडी मारणारे ग्वानाको, म्हणजे लामाचे रानटी भाऊबंद.

हा बदल इतका झपाट्यानं का होतो, हे मराठी माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. महाबळेश्वरला ढग रिकामे होतात आणि माण-खटावच्या वाट्याला कोरडी हवा येते, तोच हिशेब. फरक एवढाच, की आपल्याकडे वारा चार महिने पश्चिमेचा असतो, तिथे जवळपास बारमाही. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात चाळीस ते पन्नास अंशांच्या पट्ट्यात जमीन जवळजवळ नाहीच. थोडं न्यूझीलंड, टास्मानिया आणि हा पाटागोनियाचा निमुळता शेपटा. बाकी सगळा समुद्र. वारा पृथ्वीला वळसा घालत येतो आणि त्याला अडवणारी पहिली भिंत अँडीजची असते. चिलीच्या बाजूच्या उतारांवर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि भिंत ओलांडून थोडं पूर्वेला गेलं की दोनशे मिलिमीटरचीही मारामार. ओल मागे राहते, वारा मात्र पुढे येतो.

मग अशा कोरड्या माळावर चेरी कशी पिकते? उत्तर सरोवरातच आहे. इतकं मोठं आणि खोल पाणी हिवाळ्यात गोठत नाही, उन्हाळाभर साठवलेली ऊब हळूहळू सोडत राहतं, त्यामुळे काठावर दहिवर कमी पडतं. बाकीचं काम पॉपलरच्या रांगांचं. पाटागोनियाच्या माळावर दुरून उंच, सरळ, हिरवी भिंत दिसली की समजावं तिथे माणूस राहतो. आमचं तंबूमैदानही अशाच पॉपलरांच्या आडोशाला होतं. वर शेंडे वाकून दुमडत होते आणि खाली मेणबत्ती जळत होती.

आता हे सरोवर झालं कसं, ते. शेवटच्या हिमयुगात, साधारण वीस हजार वर्षांपूर्वी, अँडीजवर बर्फाची प्रचंड टोपी होती आणि तिच्यातून हिमनद्या पूर्वेला, आजच्या माळाकडे उतरत होत्या. हिमनदी नांगरासारखी चालते. डोंगरांत तिनं अरुंद आणि भयंकर खोल चर पाडले, मोकळ्यावर आल्यावर ती पसरली, आणि जिथे वितळली तिथे वाहून आणलेले दगडगोटे कमानीसारख्या टेकाडांत रचून ठेवले. म्हणून पाटागोनियाच्या बहुतेक मोठ्या सरोवरांचा नकाशा सारखाच दिसतो. पूर्वेला माळावर टेकलेला रुंद तळवा, पश्चिमेला डोंगरांच्या फटींत घातलेली बोटं. आमच्या सरोवराचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर उंच आणि खोली सुमारे 590 मीटर. म्हणजे त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही पावणेचारशे मीटरहून जास्त खाली आहे. त्याचा तो न पटणारा निळा-हिरवा रंगही हिमनदीचीच देणगी. बर्फाखाली खडकावर खडक घासून झालेलं पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि उजेड विखुरतं. आमच्यातल्या एका डच शिक्षिकेनं पाणी पारदर्शक बाटलीत भरून रात्रभर ठेवलं. सकाळी तळाशी राखाडी साय बसली होती, बोटांवर घेतली तर टाल्कम पावडरीसारखी लागत होती.

पुढची गोष्ट भांडणाची आहे. बर्फ होतं तोवर या सरोवराची पश्चिमेची वाट बंद होती. पाणी पूर्वेला ओसंडायचं आणि देसेआदो नदीच्या खोऱ्यातून अटलांटिकला जायचं. बर्फ वितळलं, डोंगरातलं बूच निघालं, पाण्याची पातळी खाली उतरली आणि सगळा ओघ उलटा फिरला. आज हे पाणी अँडीजच्या उंच शिखरांमधूनच वाट काढत पॅसिफिकला जातं. काठावरच्या उतारांवर खूप वर, शिडीच्या पायऱ्यांसारख्या सपाट पट्ट्या दिसतात. त्या जुन्या किनाऱ्यांच्या खुणा.

1881 साली चिली आणि अर्जेंटिनानं सीमेचा करार केला, तेव्हा यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. करारात लिहिलं गेलं, की सीमा अँडीजच्या पाणी विभागणाऱ्या सर्वांत उंच शिखरांवरून जाईल. उत्तरेत हे वाक्य ठीक चालतं, कारण तिथे उंच शिखरं आणि पाणलोटाची रेषा एकच आहेत. पाटागोनियात दोन्ही वेगळ्या झाल्या होत्या. शिखरं पश्चिमेला राहिली आणि पाणी विभागणारी रेषा पूर्वेला माळावर, कधीकधी हिमनदीनं रचलेल्या पुरुषभर उंचीच्या टेकाडावर जाऊन बसली. अर्जेंटिना म्हणाला शिखरं, चिली म्हणाला पाणी. चिलीचं खरं मानलं असतं तर सान मार्तीन दे लोस आंदेस हे आजचं अर्जेंटिनातलं लाडकं पर्यटनगाव चिलीत गेलं असतं, कारण त्याच्या सरोवराचं पाणी पॅसिफिकला जातं.

अर्जेंटिनाच्या बाजूनं लढणारा माणूस होता फ्रान्सिस्को मोरेनो. पुढे तो पेरितो मोरेनो म्हणूनच ओळखला गेला. पेरितो म्हणजे तज्ज्ञ, सीमा-आयोगावरच्या कामामुळे चिकटलेली पदवी. त्याच्या नावानं पाटागोनियात एक गाव आहे, एक हिमनदी आहे, एक राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिन्ही एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. गावाचं तिकीट काढून हिमनदी शोधणारे प्रवासी अजूनही भेटतात. 1898 मध्ये त्यानं केलेली एक करामत मात्र त्या गावाजवळचीच आहे. फेनिक्स नावाची नदी तेव्हा वळून आमच्या सरोवरात शिरत होती, म्हणजे चिलीच्या व्याख्येनं तिचं खोरं चिलीचं. मोरेनोनं मजूर लावून थोड्या दिवसांत एक चर खणला आणि नदी देसेआदोत, म्हणजे अटलांटिककडे वळवली. नदीला तिची हिमयुगातली जुनी वाट परत मिळाली. मोरेनोचा मुद्दा साधा होता: दोन देशांची सीमा फावड्यानं हलवता येत असेल, तर ती सीमा कसली? मला हा युक्तिवाद इतिहासातल्या सर्वांत सुंदर युक्तिवादांपैकी वाटतो. अर्थात चिलीच्या वकिलाला तो तसा वाटला नसणार.

निवाडा ब्रिटनच्या राजाकडे गेला आणि राजानं पाहणीला पाठवलेला माणूस आपल्याकडून गेलेला होता. सर थॉमस होल्डिच. उभी नोकरी सर्व्हे ऑफ इंडियात झाली, अफगाण आणि पामीर सीमा-आयोगांवर काम केलं, भारताच्या सरहद्द-सर्वेक्षणाचा तो प्रमुख होता आणि 1898 मध्ये निवृत्त झाला होता. हिंदुकुशाच्या कुशीत दोन साम्राज्यांमध्ये रेघ ओढण्याची सवय असलेला हा माणूस 1902 मध्ये घोड्यावर बसून पाटागोनियाची खोरी तुडवत होता. त्यानं शिखरं आणि पाणी पाहिलंच, शिवाय तिथे राहणारी माणसंही पाहिली. 30 एप्रिल 1902 रोजी आजच्या अर्जेंटिनातल्या त्रेवेलिन गावाजवळच्या एका शाळेत वेल्समधून येऊन स्थायिक झालेले शेतकरी जमले आणि आम्हाला अर्जेंटिनात राहायचं आहे, असं त्यांनी सांगितलं. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये राजा सातव्या एडवर्डचा निवाडा आला. दोघांचीही व्याख्या त्यानं पुरी मान्य केली नाही, अध्येमध्ये रेघ मारली आणि चार मोठी सरोवरं सरळ दोन तुकड्यांत कापली. म्हणून आमच्या सरोवराला दोन नावं आहेत. दक्षिणेच्या आणखी एका सरोवराला चिलीत ओ'हिगिन्स आणि अर्जेंटिनात सान मार्तीन म्हणतात. ते तर 836 मीटर खोल, दोन्ही अमेरिकांत सर्वांत खोल.

भांडणाची शेपूट अजून वळवळते आहे. एल चाल्तेन हे अर्जेंटिनातलं गिर्यारोहकांचं गाव जुनं वाटतं, पण ते 1985 मध्ये वसवलं गेलं, तेही मुख्यतः शेजारच्या वादग्रस्त खोऱ्यावर हक्क दाखवायला. त्या खोऱ्याचा निकाल 1994 मध्ये अर्जेंटिनाच्या बाजूनं लागला. त्याच्या दक्षिणेच्या हिमक्षेत्रात मात्र सीमेचा एक तुकडा आजही आखलेला नाही. बर्फावर टेकाड कोणतं आणि उतार कोणता, हे मोजणार कसं?

चिले चिकोतून पश्चिमेला निघालं की रस्ता सरोवराच्या दक्षिण काठानं कड्याकड्यांवरून जातो. खडीचा, अरुंद, खाली निळं पाणी. दुपारी वाऱ्यानं त्याच पाण्याचं रूप पालटलं. आपण ज्याला सरोवर म्हणतो त्यावर फेसाळ लाटा चढल्या, लाटांचे शेंडे सुटून हवेत उडू लागले. डिसेंबर 2015 मध्ये याच सरोवरात कयाक उलटून डग्लस टॉम्पकिन्स गेले. नॉर्थ फेस ही गिर्यारोहणाच्या सामानाची कंपनी सुरू करणारे, आयुष्यभर असल्याच पाण्यात आणि डोंगरांत वावरलेले गृहस्थ. पाण्याच्या थंडीनं त्यांचा जीव घेतला. पत्नी क्रिस्टीन यांच्यासोबत त्यांनी इथल्या मेंढ्यांच्या मोठमोठ्या जागिरी विकत घेऊन कुंपणं काढली होती. पुढे ती जमीन चिली सरकारला दान झाली आणि 2018 मध्ये तिथे पाटागोनिया राष्ट्रीय उद्यान झालं.

वाऱ्यात तंबू ठोकणं ही पाटागोनियातली खरी परीक्षा. पहिल्या आठवड्यात आमच्यातल्या एका जोडप्यानं तंबू उभा केला आणि बॅगा आणायला ट्रककडे गेलं. परत येईपर्यंत तंबू कुंपणाला जाऊन अडकला होता. त्यानंतर क्रम ठरला. आधी तंबूची निमुळती बाजू पश्चिमेला करून कापड जमिनीवर आडवं पसरायचं, वाऱ्याकडच्या दोन मेखा ठोकायच्या, एकानं कापडावर चक्क लोळण घ्यायची, दुसऱ्यानं आत बॅगा टाकायच्या आणि मगच काठ्या खोवून तंबू उभा करायचा. खडीत मेख शिरत नाही, तेव्हा दोर दगडाला बांधून वर दुसरा दगड ठेवायचा. वारा दुपारी चढतो आणि पहाटे बहुधा पडतो. म्हणून नाश्त्याची पाळी सगळ्यांना हवी असायची, रात्रीच्या स्वयंपाकाची कुणालाच नको.

शेगडी ट्रकच्या आडोशालाच लावायची, उघड्यावर जाळ करायचा नाही, हा नियम आमचा चालक देवाची शपथ घातल्यासारखा सांगायचा. त्यामागे जळालेली जंगलं आहेत. चिलीतल्या, आणखी दक्षिणेच्या तोर्रेस देल पाइने उद्यानात 2005 मध्ये एका प्रवाशाची शेगडी कलंडली आणि सुमारे पंधरा हजार हेक्टर जळालं. 2011 च्या डिसेंबरअखेर दुसऱ्या एकानं शौचाचा कागद जाळून टाकण्याचा सज्जनपणा केला आणि सतरा हजार हेक्टरच्या आसपास गेलं. अशा वाऱ्यात ठिणगी पळते आणि लेंगा नावाचं तिथलं झाड वाढायला पिढ्या लागतात. त्या उद्यानात उघड्या जाळाला बंदी आहे, ती आता समजते.

सरोवराच्या पश्चिम टोकाजवळ प्वेर्तो रिओ त्रान्किलोला संगमरवराच्या गुहा आहेत. लाटांनी पोखरलेला पांढरा-करडा दगड, त्यावर खालून पाण्याचा निळा उजेड. होडी आत शिरली की सगळे कुजबुजत बोलतात. त्याबद्दल छायाचित्रंच जास्त सांगतील. मला तिथून दक्षिणेला, बेर्त्रांद गावाजवळचं एक ठिकाण जास्त आवडलं. तिथे सरोवराचं पाणी धाकट्या बेर्त्रांद सरोवरातून बाहेर पडतं आणि बाकेर नदी सुरू होते. चिलीतली सर्वांत जास्त पाण्याची नदी. उगमाला इतकी भरलेली नदी मी दुसरी पाहिलेली नाही. पहिल्या पावलापासून ती काठोकाठ, गडद नीलमण्यासारखी आणि पळायची घाई असलेली. तिच्यावर आणि शेजारच्या पास्कुआ नदीवर मिळून पाच मोठी धरणं बांधायची योजना होती. 2011 मध्ये तिला मंजुरी मिळाली, देशभर निदर्शनं झाली आणि 2014 मध्ये सरकारनं ती रद्द केली.

बाकेरच्या काठी आम्ही दोन रात्री राहिलो. काठावरच्या काटेरी झुडपाला निळी-काळी फळं लागली होती. कालाफाते. ते खाल्लेला माणूस पाटागोनियात परत येतो, असं तिथे सांगतात. जीभ जांभळी होते हे नक्की. हे झुडूप बर्बेरिस कुळातलं, म्हणजे आपल्या हिमालयातल्या दारुहळदीचं नातेवाईक. खोड खरवडलं की तसंच पिवळंधमक लाकूड दिसतं.

पातेली घासायला नदीपासून दूर जायचं, खरकटं पाणी मातीत मुरवायचं, हाही नियम. ते करताना शेजारी उभ्या ऑस्ट्रेलियन मुलानं विचारलं, हे पाणी नेमकं येतं कुठून? मी त्याला लॉस अँतिग्वोसचा काठ आठवायला सांगितला. तिथल्या चेरीच्या बागांचं, कोरड्या माळाचं पाणी पूर्वेचा समुद्र सोडून इथे आलंय, आणि आता डोंगर फोडून कालेता तोर्तेलजवळ पॅसिफिकला मिळणार आहे. त्यानं पातेलं बाजूला ठेवलं आणि पूर्वेकडे पाहिलं, मग पश्चिमेच्या बर्फाळ भिंतीकडे. मधे काही फट असेल असं तिथून दिसत नाही.

ट्रकला मात्र ती वाट नाही. चिलीची कार्रेतेरा आउस्त्राल ही 1976 पासून लष्करानं डोंगर फोडत बांधलेली सडक दक्षिणेला व्हिया ओ'हिगिन्सला संपते, पुढे हिमक्षेत्र. एल चाल्तेनला जायचं तर मागे वळून रोबायोस खिंडीतून पुन्हा अर्जेंटिनात शिरायचं. अर्जेंटिनाचा नाकाही फळं आणि मांस तपासतो. कोक्राने गावातल्या दुकानाबाहेर पाळी असलेल्या आम्ही तिघांनी यादी केली: तांदूळ, पास्ता, टोमॅटोचे डबे, बिस्किटं. सफरचंदं दोन दिवसांपुरती, माणशी दोन. डच बाई चेरीच्या टोपलीपाशी थबकली. आम्ही दोघांनी एकदमच नाही म्हटलं.